४-५ दिवसांच्या बदकाच्या पिल्लांना पाणी कशात द्यायचं? टबात सोडली तर चालतात का?

तुम्ही लिहिलंय बाजारातनं ६ पिल्लं आणली, टबात सोडल्यावर मस्त पोहली आणि सकाळी एक मेलेलं सापडलं. आधी उरलेल्या पाचांना टबापासून लांब ठेवा, मग पुढचं वाचा.

बदक आहे म्हणजे पाण्यात राहणारच असं आपल्याला वाटतं, पण आई बदकासोबत फिरणारं पिल्लू आणि बाजारातलं पिल्लू यात फरक आहे. आईच्या पिसांचं तेल पिल्लांच्या लवेला लागतं आणि पाण्यातनं आली की ती त्यांना पोटाखाली घेऊन सुकवते. अंडी उबवायच्या मशीनमधल्या किंवा कोंबडीखाली काढलेल्या पिल्लाला यातलं काही नाही, त्याची लव कापसासारखी पाणी धरते, ते बुडून नाही तर गारठून मरतं. आणि ते लगेच नाही, काही तासांनी, म्हणून टबावर कोणाचा संशयच जात नाही.

आमच्याकडे पण हेच झालेलं. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवलेली, बिचारी २१ च्या ऐवजी २८ दिवस बसली, पिल्लं निघाली आणि माझ्या आईने सवयीप्रमाणे कोंबडीच्या पिल्लांना ठेवते तशी पाण्याची परात ठेवली. कोंबडीची पिल्लं परातीच्या काठावरनं पितात, ही सरळ आत जाऊन बसली, कोंबडी बाहेर नुसती ओरडतेय. जुलैचा पाऊस, वर लाईट गेलेली. सकाळी तीन गेली होती.

तेव्हापासून मी एवढंच बघतो, चोच बुडली पाहिजे, पोट नाही. चोच म्हणजे नाकपुड्यांसकट हां! बदक ओलं-सुकं खाताना नाकपुड्यांत पीठ अडकवून घेतं आणि पाण्यात चोच खुपसून फुर्र करून साफ करतं, ते जमलं नाही तर नाक चोंदतं, डोळ्यांना पण घाण चिकटते. म्हणून नुसती ताटली पण उपयोगाची नाही. पहिल्या आठवड्यात साधारण एक इंच पाणी पुरतं, नंतर पिल्लू वाढेल तसं खोल करत जायचं.

भांड्यासाठी खर्च करू नका. आईस्क्रीमचा झाकणाचा डबा घ्या, बाजूला पिल्लाचं डोकं जाईल पण अंग जाणार नाही एवढी भोकं पाडा, कडा मेणबत्तीवर जरा गोल करा नाहीतर मान कापते, आत पाणी भरून झाकण लावा. हे जमत नसेल तर पसरट वाडग्यात धुतलेले गोटे भरा आणि मधल्या फटींत पाणी. आम्ही जांभ्या चिऱ्याचे तुकडे टाकतो, खरखरीत असल्याने आत गेलंच तर पाय धरून बाहेर येतं.

पाणी उडवणार ते उडवणारच, बदक आहे. खाली अंथरलेला तूस किंवा भुसा ओला राहिला की बुरशी आली, आणि बुरशी बदकाला कोंबडीपेक्षा जास्त नडते, खाद्यातली तर फारच. म्हणून भांडं जाळीवर ठेवा, खाली ट्रे, सांडलेलं त्यात जातं. पाणी दिवसातनं ३-४ वेळा बदलायचं, आपण पिऊ असं स्वच्छ, आणि या दिवसांत फ्रीजसारखं गार नको, जरा कोमट असलेलं बरं. बल्बखाली पहिल्या आठवड्यात ३२ अंशाच्या आसपास ऊब ठेवा, पुढे दर आठवड्याला २-३ अंश कमी.

अजून एक, खाणं आहे तिथे पाणी पाहिजेच. कोरडं पीठ गिळताना घशात अडकतं, म्हणून पाणी संपलं असेल तर खाणं पण उचला.

एखादं भिजून लटपटत असेल तर त्याच्या तोंडात ड्रॉपरने पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. आधी टॉवेलने टिपा, बल्बखाली ऊब द्या, उभं राहिलं की चोचीचं टोक फक्त पाण्याला लावा, स्वतः पितं.

पोहायचं म्हणाल तर आठवडाभराने कोमट उथळ पाण्यात ५ मिनिटं, समोर बसून, नंतर लगेच सुकवणं. मोकळं तळ्यावर सोडायला पिसं पूर्ण येऊ द्या, ७-८ आठवडे धरा.

आणि तुम्ही कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर (सुरुवातीचं तयार खाद्य) देताय असं दिसतंय, त्यात बदकाला लागतं तेवढं नायासिन (ब३ जीवनसत्त्व) नसतं, पुढे पाय वाकडे होतात. त्यावर थोडं ब्रूअर्स यीस्ट (बीअर बनवतानाचं वाळवलेलं यीस्ट) भुरभुरा, पावाचं यीस्ट नव्हे.