नोत्स्री, नाजीर आणि कोर्टाचा नाझर

प्रश्न असा: 'हिब्रूत ख्रिस्ती माणसाला नोत्स्री म्हणतात. त्याचा मूळ अर्थ नासरेथचा रहिवासी एवढाच, की व्रतस्थ असाही होतो? आणि बाईला काय म्हणायचं?'

व्रतस्थ नाही. हे आधीच लिहून मोकळा होतो, कारण नाताळ जवळ आला की कुठल्या ना कुठल्या व्याख्यानात हे व्रत निघतंच. 'येशू नासरेथचा, म्हणजे नाजीर, म्हणून तर चित्रांत त्याचे केस लांब!' श्रोते माना डोलावतात. नाजीर, म्हणजे देवाला वाहिलेला व्रतस्थ, कुणाला म्हणायचं ते बायबलात, गणनाच्या सहाव्या अध्यायात, स्वच्छ लिहिलंय: द्राक्षारस वर्ज्य, द्राक्षाची साल आणि बीसुद्धा वर्ज्य, डोक्याला वस्तरा नाही, प्रेताजवळ जाणं नाही. शमशोन नाजीर होता. येशूचं काय? काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस त्यानेच केला, मेलेल्या मुलीचा हात धरून तिला उठवलं, आणि विरोधक त्याला खादाड नि दारुडा म्हणत. अशा माणसाला नाजीर ठरवायला धाडस लागतं.

गावाचा अर्थ सोपा आहे. हिब्रूत गावाच्या नावाला शेवटी 'ई' लावली की तिथला माणूस होतो. आपला 'कर' तोच. नोत्स्री म्हणजे नासरेथकर. कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींना हे समजावायची गरज पडू नये. पेणकर, केहिमकर, नवगावकर अशी आडनावं घेऊनच ते इस्राएलला गेले. गंमत एवढीच, की एका नासरेथकरामुळे पुढे जगभरच्या सगळ्या ख्रिस्ती माणसांना हिब्रूत नासरेथकर म्हणू लागले. अरबीत नस्रानी, केरळात नस्राणी. ज्याने नासरेथ नकाशातही पाहिलं नाही तोही नासरेथकर.

आता मुद्द्याचं. नोत्स्रीमधलं अक्षर त्सादे ('त्स'), नाजीरमधलं झायिन ('झ'). धातूच वेगळे. पण ग्रीकमध्ये दोन्हींचा 'झ' झाला, तिथून लॅटिन, तिथून युरोप, आणि घोळ पक्का झाला. हा घोळ आपण मराठीत घरबसल्या, त्याच दोन धातूंचा, स्वतंत्रपणे घातलाय हे किती जणांच्या लक्षात आलंय?

पाहा. हिब्रू 'नात्सर' म्हणजे राखणं, पहारा देणं. त्याचा अरबी सख्खा भाऊ 'नझर', ज़ोय अक्षराचा, म्हणजे पाहणं. तोच फारसीतून आपल्याकडे आला: नजर. त्याच धातूचा कर्ता 'नाज़िर', म्हणजे देखरेख करणारा. आपल्या कोर्टातला नाझर तो हाच. दुसरीकडे हिब्रू 'नाजीर'चा धातू वाहून टाकण्याचा, वेगळं राखण्याचा. त्याचा अरबी भाऊ 'नज़्र', ज़ाल अक्षराचा, म्हणजे नवस, वाहिलेली वस्तू. तोही फारसीतूनच आला: नजराणा. जुन्या कागदांत 'मोहोरा नजर केल्या' असं येतं, तिथली नजर डोळ्यांची नाही, नवसाची आहे. अरबीतली दोन वेगळी अक्षरं देवनागरीत एका 'ज'वर येऊन बसली आणि दोन शब्दांचा एक झाला.

म्हणूनच 'नजराणा म्हणजे नजरेत भरावी अशी भेट' असं कुणी सूत्रसंचालक माइकवरून सांगू लागला की माझं रक्त उसळतं. नजराणा नजरेतून निघालेला नाही. ही चूक आणि येशूला नाजीर म्हणण्याची चूक, अक्षरशः एकच चूक आहे. हसायचं तर असं, की आपल्या कोर्टाच्या नाझराचं नातं बायबलातल्या नाजीराशी नाहीच, दिसायला जुळा भाऊ असूनही. त्याचं नातं नोत्स्रीच्या त्सादेशी.

(जेजुरीजवळच्या नाझरे धरणाचा यात काहीही संबंध नाही. कृपया पुन्हा विचारू नये.)

याच घरातलं आणखी एक माणूस तुम्हाला ठाऊक आहे. बाबिलोनच्या अक्कदी भाषेत राखणं म्हणजे 'नसारू', त्याचं आज्ञार्थी रूप 'उसुर', राख. नबू-कुदुर्री-उसुर: हे नबू देवा, माझ्या वारसाला राख. मराठी बायबलातला नबुखद्नेस्सर तो हाच. ज्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं त्याच्या नावाच्या शेपटीत आणि नोत्स्रीच्या पोटात धातू एकच असावा, ही कल्पना मला फार आवडते.

'असावा' म्हणालो, कारण नासरेथ हे नाव नक्की राखण्यावरूनच आलं यावर सगळ्यांचं एकमत नाही. मोठा पक्ष म्हणतो, ते 'नेत्सेर' म्हणजे अंकुर, धुमारा यावरून आलं. यशया ११:१ मध्ये इशायाच्या (दावीद राजाच्या बापाच्या) मुळांतून असा धुमारा फुटेल असं आहे, आणि शुभवर्तमान लिहिणारा मत्तय म्हणतो, 'त्याला नासोरी (नासरेथकर) म्हणतील' हे संदेष्ट्यांचं वचन पूर्ण झालं. आता जुन्या करारात असं वचन शोधून सापडत नाही, नासरेथ हे नावच तिथे नाही. मग बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमपासून बरेच जण धुमाऱ्याला धरतात. मत्तयाच्या मनात तो श्लेष असेलही. पण श्लेष म्हणजे व्युत्पत्ती नव्हे! गाव मत्तयाच्या आधीपासून होतं, आणि गावांची नावं भविष्यवाणीवरून पडत नाहीत, जागेवरून पडतात. नासरेथ डोंगरांच्या खळग्यात आहे. कडेच्या माथ्यावर चढलात की खाली इज्रेलचं अख्खं खोरं, पूर्वेला ताबोर, पश्चिमेला कर्मेल. पहाऱ्याला याहून चांगली जागा गालीलात दाखवा. नासरेथ म्हणजे राखणारी, टेहळणीची. माझं मत ठरलेलं आहे.

तिसरा एक पक्ष आहे, तो म्हणतो नासरेथच्या ग्रीक नावात झेटा, म्हणजे 'झ', आहे, म्हणजे मुळात झायिनच, म्हणजे शेवटी नाजीरच. या पंडितांचं मला नवल वाटतं. ग्रीक लोक त्सादेला सहसा 'स' करतात हे खरं, हिब्रू त्सियोनचं सियोन झालं ते बघा. पण सोअर गावाच्या त्सादेला जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात चक्क झेटा मिळालाय. एकदा होतं ते दुसऱ्यांदाही होतं. शिवाय १९६२ साली कैसरियाच्या उत्खननात एका हिब्रू शिलालेखाचे तुकडे सापडले. याजकांची कुठली शाखा गालीलातल्या कुठल्या गावी राहते याची ती यादी. त्यात नासरेथ आहे, आणि दगडावर त्सादे कोरलेला आहे. दगडाशी वाद कसला घालता?

आता माझी सगळ्यात लाडकी ओळ. यिर्मया ३१:६ मध्ये एफ्राइमाच्या डोंगरावर पहारेकरी हाक मारतील: उठा, सियोनला चला. हिब्रूत पहारेकऱ्यांना तिथे शब्द आहे 'नोत्स्रीम'. आजच्या इस्राएलातल्या शाळकरी पोराला हाच शब्द 'ख्रिस्ती लोक' या अर्थी ठाऊक असतो, उच्चारही तोच. बायबलातल्या '२ राजे' या पुस्तकात 'मिग्दाल नोत्स्रीम' आहे, पहारेकऱ्यांचा बुरूज. आजच्या कानाने वाचलं तर ख्रिस्ती मंडळींचा बुरूज, तोही ख्रिस्ताच्या कित्येक शतकं आधी. व्याकरणाने हे दोन शब्द वेगळे आहेत, ते मान्य: पहारेकरी एकटा असला तर 'नोत्सेर', ख्रिस्ती एकटा असला तर 'नोत्स्री', दोघांची गाठ अनेकवचनात पडते. पण पडते, हे महत्त्वाचं.

बाईचं राहिलंच. एक असेल तर नोत्स्रीत, अनेक असतील तर नोत्स्रियोत.