इन्सुलिनचे पेन रात्रभर फ्रीजबाहेर राहिले तर?

"आईचं पेन काल रात्रभर टेबलावरच राहिलं, आता ते टाकूनच द्यायचं ना?" असे विचारत एक ताई समुपदेशनासाठी आल्या. सोबत आणलेले, इन्सुलिन टोचून घ्यायचे ते पेन त्यांनी ओल्या रुमालात गुंडाळले होते आणि वाटेत ते तापू नये म्हणून त्या सारख्या हात लावून पाहत होत्या.

ते पेन वापरात असलेले होते, त्यामुळे उत्तर सोपे होते: एवढ्यावरून ते टाकायची गरज नव्हती. बहुतेक प्रकारचे इन्सुलिन एकदा वापरायला काढल्यावर खोलीच्या तापमानाला साधारण २८ दिवस चालते. मात्र कमाल तापमान आणि मुदत प्रत्येक औषधासाठी वेगळी असल्याने खोक्यातील माहितीपत्रक वाचावे आणि पेन सुरू केल्याची तारीख त्यावर लिहून ठेवावी. न उघडलेला साठा मात्र २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवा.

मला खरी काळजी वाटली ती पुढच्या बोलण्यातून. "शिल्लक पेनं तर मी एकदम गार जागी ठेवते," असे त्यांनी समाधानाने सांगितले आणि ती जागा निघाली बर्फाच्या कप्प्याला अगदी टेकून. मागच्या प्रवासातही पेने गारव्यासाठी नेलेल्या, गोठवलेल्या जेलपॅकवर (जेल भरलेल्या पिशवीवर) थेट ठेवली होती, आणि परतल्यापासून आईची साखर चढीच होती, जिचा दोष घरच्यांनी बाहेरच्या खाण्याला दिला होता. उष्णतेची धास्ती सगळ्यांनाच असते, गोठण्याची फारशी कुणाला नसते. पण इन्सुलिन हे प्रथिन आहे, ते गोठले की त्याची रचना बिघडते, आणि वितळल्यावर वरकरणी पूर्वीसारखे दिसले तरी त्याच्या परिणामाची खात्री देता येत नाही. म्हणून गोठलेले किंवा गोठल्याचा दाट संशय असलेले पेन वापरू नये, हे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले. साखर चढण्याचे कारण तेवढेच असेल असे मानता येत नव्हते, त्यामुळे नवे पेन सुरू करून त्याच दिवशी डॉक्टरांना सगळे कळवावे आणि मात्रा स्वतःहून वाढवू नये, असे ठरले.

साठ्यासाठी आम्ही फ्रीजचा मधला कप्पा निवडला. दाराच्या खणात तापमान सतत खालीवर होते, तर मागच्या भिंतीला चिकटलेली वस्तू गोठू शकते. शेजारी छोटा थर्मामीटर ठेवला की अंदाजावर राहावे लागत नाही. वीज गेल्यास फ्रीजचे दार उघडू नये.

प्रवासात जेलपॅक आणि औषध यांच्यामध्ये जाड कापड असावे. बंद गाडीत औषध ठेवून जाऊ नये, कारण उन्हात आतले तापमान झपाट्याने वाढते. विमानात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेतच न्यावे. सामानकक्षात ते गोठण्याचा धोका असतो, शिवाय बॅग हरवली तर औषधही जाते. फ्रीजमध्ये ठेवायच्या इतर औषधांना हेच २८ दिवस लावू नयेत, त्यांची मुदत औषधविक्रेत्याकडून स्वतंत्रपणे विचारून घ्यावी.