डिलिव्हरीचं काम सुरू करतोयस? आधी एवढं कर

भाऊ, नागपुरात सीताबर्डी-धरमपेठ पट्ट्यात काम धरलंस, चांगलं केलंस. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेव. अ‍ॅपच्या करारात तू 'पार्टनर' असतोस, कर्मचारी नाही. म्हणून पीएफ, भरपगारी रजा आपोआप मिळत नाही. पण 'तुला काही हक्कच नाहीत' असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग कामगारांची, म्हणजे तुझ्यासारखं कायम नोकरीशिवाय कामागणिक पैसे मिळवणाऱ्यांची, स्वतंत्र व्याख्या आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरायची, अशी तिच्यात तरतूद आहे.

सुरुवातीला एवढंच कर:

- ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांसाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी. आधार आणि त्याला जोडलेला मोबाईल लागतो. फुकट होते, कोणी पैसे मागितले तर सरळ उठून ये.
- रोज रात्री कमाईचा स्क्रीनशॉट. तारीख, ऑर्डर, इन्सेंटिव्ह, कापलेले पैसे, सगळं दिसलं पाहिजे. नवी पोरं इथेच फसतात: आयडी बंद झाला की अ‍ॅप उघडत नाही आणि हातात पुरावा उरत नाही. घरच्या कोणाच्या फोनवरही पाठवून ठेव.
- अपघात विमा नुसतं लॉगिन असताना चालतो की ऑर्डर हातात असतानाच, हे आधीच विचार.

आणि मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा इन्सेंटिव्हपायी भर दुपारी जीव काढू नकोस. आयकर, कोर्टकचेऱ्या नंतर बघू. ई-श्रमचं या आठवड्यातच उरकून टाक.