आधी मीटर, मग स्विच: जुन्या घरगुती संगणकांबद्दल वाचकांचे प्रश्न

माळा साफ करताना सापडलेल्या संगणकांची पत्रं या वेळी बरीच आली. निम्म्या पत्रांत एक वाक्य सारखंच आहे: ‘चालतो का बघावं म्हणून लावला, आणि…’ तीस-पस्तीस वर्षं बंद पडलेलं यंत्र थेट प्लगला लावू नये. म्हातारपणाने मरतात त्याहून जास्त चिप या एका उत्सुकतेपायी मरतात, असं म्हणायला हरकत नाही. हातात साधा डिजिटल मल्टिमीटर असला तरी पुढची बरीच कामं घरी होतात.

प्रश्न: आमच्याकडे १९८७ च्या सुमाराचा डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे. मूळ अडॅप्टर हरवला म्हणून जुन्या राउटरचा ९ व्होल्टचा लावला. काहीच झालं नाही. मग कुणी सांगितलं की याची पोलॅरिटी उलटी असते. बरोबर अडॅप्टर आणला तर आता टीव्हीवर उभ्या पट्ट्या दिसतात, पुढे काही नाही. रॅम गेली का? नवीन रॅम कुठली घ्यावी? (ठाणे)

रॅम घ्यायला इतक्यात निघू नका. पुण्यात डेसिबेल्सने बाजारात आणलेला हा संगणक आतून सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा स्पेक्ट्रमच आहे. त्याच्या प्लगची मधली पिन निगेटिव्ह आणि बाहेरची कडी पॉझिटिव्ह असते. राउटरचे अडॅप्टर जवळजवळ सगळे याच्या उलट. उलटा प्लग बसला की पहिला घाव बहुधा बोर्डावरच्या पॉवरच्या भागावर पडतो, रॅमवर नाही.

पट्ट्या दिसतात ही त्यातल्या त्यात बरी बातमी. याचा अर्थ चित्र तयार करणारी युएलए चिप जिवंत आहे. स्क्रीनवर जे दिसतं ते खालच्या १६ के रॅममध्ये साठवलेलं असतं. ती रॅम नीट चालत नसेल तर युएलए तिथला कचराच पडद्यावर मांडते. आता ती रॅम स्वतः बिघडली आहे, की तिला वीजच नीट मिळत नाही, हे शोधायचं.

झाकण उघडताना कीबोर्डच्या दोन प्लास्टिक पट्ट्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये खोचलेल्या दिसतील. त्या सरळ वर ओढा, वाकवू नका. इतक्या वर्षांनी त्या पापडासारख्या मोडतात. खालची रॅम म्हणजे ४११६ जातीच्या आठ चिप, आयसी ६ ते आयसी १३. या चिपला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. मीटरची काळी पिन ७८०५ रेग्युलेटरच्या (५ व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) धातूच्या पाठीवर धरा आणि लाल पिनने कुठल्याही एका ४११६ वर बघा: १ नंबरच्या पिनवर उणे ५, ८ वर अधिक १२, ९ वर अधिक ५. पिना एकमेकींना खेटून असतात. मीटरचं टोक घसरून ८ आणि ९ जोडल्या गेल्या तर ५ व्होल्टच्या सगळ्या लाइनीवर १२ जातील. म्हणून टोकाला इन्सुलेशनची नळी चढवून फक्त एक मिलिमीटर उघडं ठेवा.

५ व्होल्टच नसेल तर ७८०५ बदला. ५ ठीक, पण १२ बरंच कमी आणि उणे ५ गायब, असं असेल तर बोर्डावर ‘टीआर ४’ लिहिलेला ट्रान्झिस्टर गेलेला आहे. तुमच्या बाबतीत आमचा अंदाज हाच. तो झेडटीएक्स ६५० जातीचा असतो. त्याच्या शेजारचा टीआर ५ (झेडटीएक्स २१३) सोबतच बदललेला बरा, कारण एकटा टीआर ४ घातला की तो पुन्हा जातो असा प्रकार वारंवार होतो. जवळच्या छोट्या कॉइलवरचं व्हार्निश काळं पडलंय का तेही पाहा. टीआर ४ शॉर्ट झाला की ती जळते, आणि जळलेल्या कॉइलवर नवा ट्रान्झिस्टर टिकत नाही. उणे ५ येत नसताना संगणक चालू ठेवू नका. ४११६ ला तो व्होल्टेज चिपच्या पायाभूत थराला बायस (कायमचा उणा व्होल्टेज) म्हणून लागतो. तो नसला आणि १२ असले तर चिप तापून मरते. मोजमाप काही सेकंदांत उरकून बंद करा.

तिन्ही व्होल्टेज बरोबर असूनही पट्ट्याच दिसत असतील, तर मग रॅम. एक मिनिट चालू ठेवून आठही चिपना बोट लावा. सगळ्या सारख्याच कोमट असायला हव्यात. एखादी चटका देत असेल तर तीच. ती काढताना अख्खी चिप वाचवायचा मोह टाळा. मेलेली चिप वाचवून काय करणार? बारीक कटरने तिचे सोळाही पाय कापा, मग एकेक पाय सोल्डरिंग आयर्न लावून चिमट्याने उचला, भोकं विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) साफ करा आणि सॉकेट बसवा. या बोर्डाचे ट्रॅक कमकुवत आहेत. सगळे पाय एकदम काढायला गेलात की ट्रॅक सोबत उचकटून येतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात ४११६ मागितली की कधीकधी ‘तीच आहे, नवीन’ म्हणून ४१६४ हातात देतात. ती तशीच सॉकेटमध्ये बसवू नका. दोन्हींना सोळाच पाय, पण ४१६४ ला ८ नंबरवर ५ व्होल्ट लागतात, आणि तुमच्या बोर्डावर तिथे १२ आहेत.

प्रश्न: बाबांनी आखातातून आणलेला कमोडोर ६४ आहे, मूळ जड काळ्या अडॅप्टरसह. मीटरवर ५.१ व्होल्ट दिसतात. म्हणजे लावायला हरकत नाही ना? (चेंबूर)

हरकत आहे. आधी अडॅप्टरवर २२०-२४० व्होल्ट लिहिलंय का पाहा. अमेरिकी मॉडेल असेल तर ते ११७-१२० व्होल्टचं असतं आणि आपल्या प्लगला लागताच जळतं. ते ठीक असलं तरी लोड (वीज ओढणारं काही) न लावता मोजलेले ५.१ फारसं काही सांगत नाहीत. या अडॅप्टरमधला ५ व्होल्टचा रेग्युलेटर डांबरासारख्या राळेत गाडलेला असतो. उष्णता बाहेर पडायला वाट नाही. गरम होत होत तो बिघडतो, आणि बिघडताना बंद पडायच्या ऐवजी व्होल्टेज वर चढवतो. ते थेट रॅमला आणि इतर चिपना जातं. म्हणून ‘काल चालला, आज काळा पडदा’ ही या संगणकाची नेहमीची तक्रार.

५ ओहम, १० वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर ५ व्होल्टच्या पिन आणि ग्राउंडमध्ये जोडा. साधारण एक अँपिअर वाहील. रेझिस्टर चांगलाच तापेल, टाइलवर ठेवा. अर्धा तास दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. ५.२५ च्या वर सरकायला लागला की अडॅप्टर निकालात काढा. आमचं मत विचाराल तर चाचणीत पास झाला तरी रोजच्या वापराला तो घेऊ नये.

नवा बनवणं अवघड नाही: ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला स्विचिंग सप्लाय, शेजारी ०-९ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, दोन्हींना प्रायमरीकडून (प्लगच्या बाजूने) फ्यूज आणि बंद डबा. ९ व्होल्ट एसीच हवेत, डीसी चालणार नाहीत. त्या एसीवर संगणकाच्या आतलं घड्याळ चालतं, आणि त्यापासूनच आवाजाच्या चिपचा आणि कॅसेटच्या मोटरचा सप्लाय तयार होतो.

प्रश्न: पावसाळ्यात कपाटातल्या सव्वापाच इंची फ्लॉपींवर पांढरी बुरशी आली आहे. त्यांतल्या काहींवर माझे इंजिनिअरिंगचे प्रोग्राम आहेत. कापडाने पुसून ड्राइव्हमध्ये घालू का? (विलेपार्ले)

पुसलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये गेली की उरलेली बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडवर चिकटते, हेड फ्लॉपीच्या आतल्या चकतीवर गोल चरा पाडतं, आणि मग तेच हेड पुढच्या दहा फ्लॉपी खराब करतं. मुंबईत ही बाधा घरोघरी आहे. दमटपणा कव्हरच्या आतल्या अस्तरात शिरतो आणि बुरशी तिथेच मुक्काम करते. वरवर पुसून ती जात नाही.

मधल्या भोकात बोटं घालून चकती हळूहळू फिरवा आणि कव्हरच्या लांबट खिडकीतून पूर्ण गोल तपासा. डाग असेल त्या फ्लॉपीचं कव्हर वरच्या कडेला कात्रीने उघडा आणि चकती कडेला धरून बाहेर काढा. डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका. चकती त्यात ठेवून ओल्या मऊ बोटाने, केंद्राकडून बाहेर, अलगद चोळा. गोल गोल नको: चरा गेलाच तर तो आडवा गेलेला बरा, ट्रॅकच्या दिशेने गेला तर अख्खा ट्रॅक बुडतो. साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळा आणि पंख्याखाली, उन्हापासून दूर वाळवा. चकती चकाकी सोडून काळी भुकटी सोडायला लागली तर थांबा, लेपच सुटतोय.

वाळलेली चकती स्वच्छ कव्हरमध्ये घाला. त्यासाठी एखादी बिनकामाची, पण बुरशी नसलेली फ्लॉपी बळी द्यावी लागेल. बाजू उलटी होऊ नये म्हणून काढतानाच मधल्या कड्याजवळ पेन्सिलची खूण करा. वाचन एकदाच होईल असं धरून चाला, म्हणून ‘उघडतंय का’ पाहण्यात ती संधी घालवू नका. ग्रीसवीझल नावाचं छोटं यूएसबी बोर्ड ३४ पिनच्या केबलने जुन्या ड्राइव्हला जोडलं की ते फायली न वाचता चकतीवरचे चुंबकीय बदलच जसेच्या तसे उतरवून घेतं. फायली नंतर सावकाश काढता येतात. प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हे कंटाळवाणं आहे, पण इथेच घाई होते.

पुढच्या पावसासाठी: घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, फ्लॉपी उभ्या. नारिंगी रंग बदलणारं जेल घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं.

प्रश्न: शाळेच्या कोठारातला बीबीसी मायक्रो लावला. दहा मिनिटांनी मागून फट्ट आवाज, दाट धूर, घाण वास. पण संगणक चालूच राहिला! वापरत राहू का? (दादर)

नको, प्लग काढा. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक शिक्षणाच्या सरकारी प्रकल्पातून हे संगणक शाळांमध्ये आले आणि आता सगळे एकाच वयाचे, एकाच आजाराचे झालेत. सप्लायच्या डब्यात मेन्सच्या (घरच्या विजेच्या) दोन तारांमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे कागदी कपॅसिटर असतात, पिवळसर पारदर्शक. त्यांच्या कवचाला केसाएवढ्या भेगा पडतात, हवेतला ओलावा कागदात मुरतो, वीज मिळाली की आत शॉर्ट होऊन धूर. फिल्टरच गेल्यामुळे संगणक चालू राहतो, एवढंच.

०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे, ‘एक्स २’ छाप असलेले, किमान २७५ व्होल्ट एसीचे पॉलिप्रॉपिलिन कपॅसिटर बसवा. दुकानदार ४०० व्होल्ट डीसीचे देऊ लागला तर घेऊ नका, ते मेन्सवर जोडण्यासाठी नसतात. डबा उघडण्याआधी एक लक्षात घ्या: आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्टच्या आसपास डीसी साठलेलं असतं आणि प्लग काढल्यावरही राहू शकतं. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने त्याच्या दोन पायांवर अर्धा मिनिट धरा, मग मीटरने शून्य असल्याची खात्री करा. हे वाचून हात थरथरला तर शाळेजवळच्या टीव्ही मेकॅनिकला द्या. त्याचं रोजचं काम आहे.

प्रश्न: पिवळं पडलेलं प्लास्टिक पूर्वीसारखं पांढरं होतं का? (गिरगाव)

होतं, काही काळ. आग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या ब्रोमीनच्या रसायनामुळे पिवळेपणा येतो असं मानलं जातं. पार्लरच्या सामानाच्या दुकानातलं ‘४० व्हॉल्यूम’ क्रीम म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. बोर्ड, स्प्रिंगा, स्टिकर काढून ते सारखं चोपडा, वर स्वयंपाकघरातली पातळ पारदर्शक फिल्म गुंडाळा आणि उन्हात ठेवा. दर तासाला क्रीम पसरवा. एखाद्या जागी सुकलं तर तिथे कायमचे पांढरे ढग दिसतात. मे महिन्याच्या भर दुपारी गच्चीवर ठेवलेलं झाकण वाकडं होऊन परत येतं, सकाळचं ऊन पुरे. हातमोजे हवेतच. काही वर्षांनी पिवळेपणा परततो, म्हणून हलका पिवळा रंग तसाच ठेवावा असं आम्हाला वाटतं.

प्रश्न: स्पेक्ट्रमवर कॅसेट लोड करताना दर वेळी शेवटी ‘आर टेप लोडिंग एरर’ येतो. कॅसेट खराब? (डोंबिवली)

बहुधा टेपरेकॉर्डरचं हेड तिरकं आहे. हेड अल्कोहोलने पुसून घ्या. मग प्ले दाबून हेडच्या बाजूचा, स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवा आणि कानाने ऐका. लोडिंगचा किरकिराट सर्वांत तीक्ष्ण ऐकू येतो ती जागा बरोबर. दुसऱ्या रेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटला पुन्हा फिरवावा लागेल, म्हणून मूळ जागेची खूण करून ठेवा. आवाज तीन चतुर्थांश, टोन पूर्ण ट्रेबलवर. पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्ट्या स्थिर दिसतात, पण निळ्या-पिवळ्या पट्ट्या सुरू झाल्यावर अडखळतात, असं असेल तर रबरी पट्टा सैल झालाय. काढून पाहा: बोटाला काळं चिकटलं तर तो वितळायला लागला आहे. पुलीवरचा चिकटा अल्कोहोलने पूर्ण निघाल्याशिवाय नवा पट्टा चढवू नका, तोही घसरेल.