हात हलत असताना हाक ऐकू येते का?

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांची पत्रं वेगवेगळ्या गावांहून येतात, गोंधळ मात्र एकच असतो. म्हणून उत्तरं एकत्र देते.

मुलगा चार वर्षांचा आहे. हात फडफडवत असला की हाकेला ओ देत नाही. बहिरा असेल का?

अंदाज बांधू नका, कानांची तपासणी करून घ्या. कुरकुऱ्याच्या पुडीचा आवाज ऐकून धावत येतो, हा काही पुरावा नव्हे.

बाई म्हणतात, हात धरून ठेवा म्हणजे लक्ष लागेल. धरू का?

नको. या सल्ल्याचं मूळ जुनं आहे. १९७१ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लोवास आणि सहकाऱ्यांनी मोजलं, की मूल अशा हालचालींत गुंतलेलं असताना आवाजाला उशिरा प्रतिसाद देतं. पुढच्या वर्षी कोगेल आणि कव्हर्ट यांनी दाखवलं, की हालचाल दाबली की मुलं शिकतात. दाबली कशी? ओरडून आणि हातावर चापट मारून! मुलंही मोजकीच होती. उशीर होतो हे खरंच. पण ‘मग थांबवा’ हे त्यातून आपोआप निघत नाही. मोठी झालेली स्वमग्न माणसं सांगतात, की गोंगाट आणि घालमेल सोसायला हे हात फडफडवणं, डोलणंच कामी येतं. हात बांधले तर सगळं बळ ते आवरण्यातच जातं, मग धड्याला काय उरणार? त्यापेक्षा आठवडाभर वहीत टिपा: कधी सुरू होतं? मिक्सर लावल्यावर, पाहुणे आल्यावर, की नुसता कंटाळा आल्यावर? बोलायचं असेल तेव्हा समोर जाऊन बसा, एकदाच नाव घ्या आणि मनात दहापर्यंत मोजा. आई, आजी, काका सगळ्यांनी एकदम हाका मारायच्या नाहीत. वही घेऊन ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजच्या कामांत मुलाला मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडे) जा. डोकं आपटणं, हात चावणं असेल तर मात्र याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

मधूनच काही सेकंद शून्यात बघतो, हात लावला तरी कळत नाही.

फिटचा प्रकार असू शकतो. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. लगेच.

स्टेम सेलनं (मूळ पेशींच्या उपचारानं) हे हात फडफडवणं बंद होतं, अशी जाहिरात पाहिली. खर्च लाखांत आहे.

जमीन विकू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत ऑटिझमसाठी हा मान्य उपचार नाही.

सासूबाई म्हणतात, ‘याचे बाबाही उशिराच बोलले.’ थांबू का?

किती दिवस थांबलात, ते पत्रात लिहिलेलं नाही. अपॉइंटमेंट आजच घ्या. सासूबाईंनाही सोबत आणा.