बाळंतपण झालं की प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका संपतो का?

नाही, लगेच संपत नाही. प्रीएक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून शरीराच्या इतर अवयवांनाही इजा करणारा आजार. डिलिव्हरीनंतरचा पहिला आठवडा फार जपायचा असतो, आणि धोका सहा आठवड्यांपर्यंत राहू शकतो. वार पडली की आजाराचं मूळ जातं हे खरं, पण रक्तवाहिन्यांना झालेली इजा भरून यायला वेळ लागतो. त्यात गरोदरपणी अंगात साठलेलं पाणी परत रक्तात येतं, म्हणून बीपी साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात जास्त चढतं. नेमकी तेव्हा बाई घरी आलेली असते आणि सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. जीव जातो तो मेंदूत रक्तस्राव होऊन, झटके येऊन किंवा फुप्फुसात पाणी भरून. वरचा आकडा 160 किंवा खालचा 110 झाला आणि पंधरा मिनिटांनीही उतरला नाही, तर ती इमर्जन्सी आहे. बीपीचं औषध 30 ते 60 मिनिटांत मिळायला हवं. झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट देतात. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय नावाच्या औषध-चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. मात्र नुसत्या आकड्यावर विसंबू नका, बीपी फारसं वाढलेलं नसतानाही झटका येऊ शकतो. म्हणून गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं किंवा आडवं पडल्यावर लागणारा दम, यातलं काहीही झालं तर 'जागरणामुळे होतंय' म्हणून सोडून देऊ नका. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, आणि बाळंतपण नुकतंच झालंय हे तिथे आधी सांगा.