वर्षाची फी खात्यात आली, पण ती अजून तुमची झालेली नाही

प्रश्न : मी आठ वर्षं सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. फावल्या वेळात अकरा छोट्या व्यावसायिकांना वेबसाइट करून दिल्या, त्यांचं होस्टिंगही (साइट सर्व्हरवर ठेवून चालू ठेवणं) मीच बघतो. ज्यांना कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही अशांसाठी स्वतःचा वेबसाइट बिल्डर (कोड न लिहिता साइट बनवायचं साधन) तयार करून होस्टिंगसकट वार्षिक फीवर विकायचा विचार आहे. घरखर्च चोवीस महिने भागेल एवढी बचत आहे. नोकरी सोडून त्यातली दोनतृतीयांश रक्कम वर्षभरात यात घालावी का? कमी पडलं तर निवृत्तीसाठीची गुंतवणूक मोडायची तयारी आहे.

उत्तर : वार्षिक फीवर साइट सांभाळून देण्याचा धंदा करा, पण बिल्डर बनवू नका आणि नोकरी इतक्यात सोडू नका. निवृत्तीच्या पैशाला तर हातही लावू नका.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. अकरापैकी नऊ जण साइटवर स्वतः काहीच बदलत नाहीत. फोन नंबर बदलला की नव्या पाटीचा फोटो काढून तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवतात. म्हणजे त्यांना बिल्डर नकोच आहे. त्यांना हवा आहे तो फोटो पाठवल्यावर काम करून देणारा माणूस. मग सोळा महिन्यांचा घरखर्च ओतून तुम्ही जे बनवणार, ते वापरणार कोण? साइट बनवायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २००३ पासून फुकट उपलब्ध आहे. विक्स ही बिल्डर विकणारी कंपनी २००६ पासून या धंद्यात आहे, २०१३ मध्ये शेअर बाजारात आली आणि त्यानंतरही बरीच वर्षं तोटा दाखवत होती. जिथे एवढ्या भांडवलवाल्यांना दम लागला, तिथे एकट्याच्या बचतीवर उतरायचं कारण मला दिसत नाही.

आता फीबद्दल, कारण या धंद्यात हिशेब चुकतो तो इथेच. समजा पहिल्याच महिन्यात साठ ग्राहकांनी वर्षाची फी भरली. खातं भरलेलं दिसतं आणि नोकरी सोडायचा धीर येतो. पाचव्या महिन्याच्या अखेरीस त्यातले फक्त पाच-बारांश पैसे तुम्ही कमावलेले असतात, उरलेले सात-बारांश हे ग्राहकांचं तुमच्याकडचं देणं असतं. ते तुम्ही घरखर्चात घातलेत, तर पुढचे सात महिने सर्व्हरचं बिल नव्या ग्राहकांच्या फीतून भरावं लागतं. नवे ग्राहक थांबले की सगळंच थांबतं. म्हणून वेगळं खातं उघडा, फी तिथेच जमा होऊ द्या आणि दर महिन्याला त्यातला बारावा हिस्सा स्वतःकडे घ्या. कंटाळवाणं आहे, पण केलंच पाहिजे.

दुसरा आकडा गळतीचा. महिन्याला शंभरातले पाच ग्राहक जातात म्हटलं की किरकोळ वाटतं. पण नवे आले नाहीत तर बारा महिन्यांनी शंभरातले जेमतेम चौपन्न उरतात. गळती एक टक्का असेल तर एकोणनव्वदच्या आसपास. छोटे व्यवसाय बंदही पटापट पडतात, त्यामुळे तुमची सेवा कितीही चांगली असली तरी थोडी गळती धरूनच चाला. वार्षिक फीमध्ये ही गळती वर्षभर झाकलेली राहते आणि नूतनीकरणाच्या तारखेला एकदम दिसते. तुम्ही अजून ती तारीख पाहिलेलीच नाही, कारण अकरा जणांकडून तुम्ही सुरुवातीला एकदाच पैसे घेतलेत.

तुमचा वेळ हाही खर्चच. दीडशे ग्राहक आणि प्रत्येकामागे महिन्याला अर्धा तास धरला तरी पंचाहत्तर तास होतात. ‘ईमेल येत नाही’ एवढ्याच तक्रारीत, मेलबॉक्सच भरलेला आहे हे कळेपर्यंत, अर्धा तास सहज जातो.

सुरुवातीला रिसेलर होस्टिंग घ्या, म्हणजे मोठ्या कंपनीकडून जागा घेऊन ती ग्राहकांना पुढे विका; स्वतःचे सर्व्हर नकोत. त्यातही एक धोका आहे : ज्यांच्याकडून तुम्ही घेता त्यांनी दर बदलले तर तुम्ही वर्षाच्या फीला बांधलेले असता. होस्टिंगची खाती सांभाळायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या सीपॅनेलने २०१९ मध्ये सर्व्हरमागची फी बदलून ती खात्यांच्या संख्येवर नेली, तेव्हा स्वस्तात शेकडो खाती चालवणाऱ्यांचं गणित एका फटक्यात बिघडलं. फीमध्ये तेवढी फट ठेवा. आणि बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या ठिकाणी ठेवा, त्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचे बॅकअप तिथेच होते त्यांचं सगळंच गेलं. एसएसएल प्रमाणपत्राचे (साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणारं प्रमाणपत्र) मात्र वेगळे पैसे लावू नका. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेमुळे ते फुकट मिळतं आणि ग्राहकाला हे कधीतरी कळतंच.

थोडक्यात मर्यादा अशी : चार महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम धंद्यासाठी बाजूला काढा, ती संपली तर थांबायचं. नोकरी सोडायची ती एक पूर्ण नूतनीकरण पाहिल्यावर आणि कमावलेल्या (जमा झालेल्या नव्हे) फीतून थेट खर्च वजा जाता निम्मा घरखर्च सुटायला लागल्यावर. घरच्यांना हे दोन्ही आकडे आधी सांगून ठेवा, म्हणजे सहाव्या महिन्यात नियम बदलायचा मोह झाला तर कोणीतरी अडवेल.

माझ्या स्वतःच्या साइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, एकदा बंद पडलं होतं. ते ज्याने साइट करून दिली त्याच्या नावावर होतं, मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात होत्या आणि तो फोन उचलत नव्हता. वाढीव दंड भरून ते सोडवेपर्यंत तीन आठवडे गेले. तुमच्या अकरा जणांची डोमेन कोणाच्या नावावर आहेत, ते आज रात्रीच बघा. तुमच्या नावावर असतील तर आधी त्यांच्या नावावर करून द्या आणि मगच वार्षिक फीचा विषय काढा.